मेंदूतली गाठ आणि साडेचार मिलिसेकंदांची वीज

९० पल्स, म्हणजे विजेचे ९० क्षणिक झटके. एकेक पल्स ५० मायक्रोसेकंदांची. गुणाकार केला की होतात साडेचार हजार मायक्रोसेकंद, म्हणजे साडेचार मिलिसेकंद. पापणी लवायलासुद्धा याच्या वीसपट वेळ लागतो. मेंदूतल्या गाठीवर कुत्र्यांमध्ये विजेचा जो उपचार करून पाहिला जातो, त्यात प्रत्यक्ष वीज वाहते ती साधारण एवढीच. बाकीचे तास जातात तयारीत. कुत्र्याला भूल द्यायची, कवटीला बारीक छिद्र पाडायचं, सुईसारखे इलेक्ट्रोड एमआरआयच्या आधाराने नेमक्या जागी उतरवायचे, आणि हृदयाच्या ठोक्याशी मेळ घालून एकेक पल्स सोडायची.

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा रात्री उशिरा फोन आला. मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, त्याला वर्गातून बाहेर पडून बरीच वर्षं झाली. त्याच्या मावशीला ग्लायोब्लास्टोमाचं, म्हणजे मेंदूच्या एका आक्रमक कर्करोगाचं, निदान झालं होतं. चार रात्री जागून मोबाइलवर जे सापडेल ते तो वाचत होता, आणि त्यातच अमेरिकेतल्या कुत्र्यांची ही माहिती त्याच्या हाती लागली. "मॅडम, विजेने गाठ जाते म्हणे. खरं आहे का? आणि असेल तर आपल्याकडे कुठे करतात?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी फोनवरच देऊन टाकलं, कारण अशा वेळी माणसाला लटकत ठेवू नये. नेहमीचा उपचार म्हणून माणसाच्या मेंदूवर हे कुठेच करत नाहीत. अजून प्रयोगच चालू आहेत. पहिल्या प्रश्नासाठी मात्र त्याला म्हटलं, रविवारी घरी ये, कागद-पेन्सिल घेऊन बसू. त्या रविवारी जे बोलले, तेच इथे थोडं विस्ताराने मांडते आहे.

मेंदूतल्या सगळ्याच गाठी सारख्या नसतात. काही गाठी मेंदूच्या आवरणातून वाढतात, मेंदूला बाहेरून दाबतात, आणि सर्जनला त्या बऱ्याचदा सोडवून काढता येतात. ग्लायोमा तसा नाही. मेंदूतल्या चेतापेशींना आधार देणाऱ्या ज्या ग्लायल पेशी असतात, त्यांच्यापासून तो बनतो आणि मेंदूच्याच तंतूंच्या वाटेने पसरत जातो. ज्यांनी शेतात हरळी काढली आहे त्यांना हे चटकन कळेल. वर दिसणारा गवताचा गड्डा खणून काढता येतो. पण काशा जमिनीत कुठवर गेल्यात हे वरून दिसत नाही, आणि पेराएवढा तुकडा राहिला तरी पावसाळ्यात पुन्हा हिरवं. ग्लायोब्लास्टोमा हा ग्लायोमातला सगळ्यात आक्रमक प्रकार.

१९२८ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये वॉल्टर डँडी या न्यूरोसर्जननी अशा रुग्णांचा मेंदूचा उजवा अर्धा भाग काढून टाकण्याइतकी टोकाची शस्त्रक्रिया करून पाहिली. तरीही आजार उलटला. सर्जनचं कौशल्य कमी पडलं म्हणून हे झालं नाही. सुरीला जिथे थांबावंच लागतं त्याच्या पलीकडे गाठीच्या पेशी आधीच पोचलेल्या होत्या. आज शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन आणि टेमोझोलोमाइडच्या गोळ्या देतात. २००५ साली रॉजर स्टुप आणि सहकाऱ्यांच्या चाचणीतून हा क्रम पक्का झाला. त्या चाचणीत नुसत्या रेडिएशनवर मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण जेवढा काळ जगले तो) १२.१ महिने होतं, गोळ्यांची जोड दिल्यावर १४.६ महिने झालं. अडीच महिन्यांची ही वाढ मोठीच मानली गेली, आणि अजूनही उपचाराचा पाया तोच आहे. आजार उलटतो तो बहुतेक वेळा मूळ जागेपासून दोनेक सेंटिमीटरच्या आतच.

ती दोन सेंटिमीटरची कड लक्षात ठेवा. माझं सगळं सांगणं त्या कडेभोवतीच आहे.

पेशी आणि पेन्सिल सेल

आता वीज. "वीज म्हणजे जाळणार," असंच त्या मुलाच्या डोक्यात होतं. बहुतेकांच्या असतं. शॉक लागून भाजलेला हात आपण पाहिलेला असतो. या उपचारात मात्र जाळायचं नसतं, उलट उष्णता टाळायची असते, आणि त्यासाठीच पल्स एवढ्या छोट्या ठेवलेल्या असतात.

पेशी म्हणजे खारट पाण्याचा एक थेंब समजा. थेंबाच्या बाहेरही खारट पाणीच, आणि खारट पाण्यातून वीज सहज जाते. या दोन पाण्यांच्या मध्ये असतं पेशीपटल: चरबीच्या रेणूंचा दोन पदरी पडदा, जाडी साधारण ५ नॅनोमीटर. एका मिलिमीटरात असे दोन लाख पडदे मावतील. चरबीतून वीज जात नाही. म्हणजे आत वाहक, बाहेर वाहक, आणि मध्ये अतिशय पातळ रोधक. बारावीत ज्याने कॅपॅसिटर शिकलाय त्याने हे चित्र पाहिलेलं आहे.

पेशीच्या दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड ठेवून विजेचं क्षेत्र लावलं की त्याचा सगळा ताण या पडद्यावर येतो. किती येतो, त्याचं साधं सूत्र आहे: दीड गुणिले क्षेत्र गुणिले पेशीची त्रिज्या. क्षेत्र सेंटिमीटरला १००० व्होल्ट धरू. पेशीची त्रिज्या १० मायक्रोमीटर, म्हणजे सेंटिमीटरचा एक हजारावा भाग. उत्तर येतं दीड व्होल्ट.

इथे मी भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि मागचा पेन्सिल सेल त्याच्या हातात दिला. तोही दीड व्होल्टचाच. मुलं हा सेल हातात घेऊन खेळतात, कुणाला काही होत नाही. पण तोच दीड व्होल्ट ५ नॅनोमीटरवर पसरला तर हिशेबाने सेंटिमीटरला ३० लाख व्होल्टचं क्षेत्र होतं. कोरडी हवा सेंटिमीटरला सुमारे ३० हजार व्होल्टला फुटते आणि ठिणगी पडते. म्हणजे हवा जिथे हार मानते त्याच्या शंभरपट ताण त्या चरबीच्या पडद्यावर. तो पडदा ताण एवढा चढू देतच नाही, व्होल्टभर झाला की त्याच्या आसपासच चरबीचे रेणू बाजूला सरकतात, मध्ये पाणी घुसतं आणि नॅनोमीटरच्या मापाची भोकं पडतात. यालाच म्हणतात इलेक्ट्रोपोरेशन.

पुढे काय होणार, ते पल्स किती तीव्र आणि किती वेळा दिल्या त्यावर ठरतं. ताण बेताचा असेल तर भोकं थोड्या वेळात आपोआप बुजतात आणि पेशी जगते. ताण जास्त असेल, पल्स पुन्हा पुन्हा बसल्या, तर पेशीला आतला समतोल सावरता येत नाही. पोटॅशियम बाहेर, कॅल्शियम आत, ऊर्जा संपते, पेशी मरते. पहिल्याला परतीचं इलेक्ट्रोपोरेशन म्हणू, दुसऱ्याला बिनपरतीचं. ही दोन नावं मी माझ्या सोयीने करते आहे, पण शास्त्रज्ञही विभागणी अशीच करतात.

परतीचा प्रकार आधी वापरात आला. १९८२ साली एबरहार्ड न्यूमन आणि सहकाऱ्यांनी विजेच्या पल्सनी भोकं पाडून उंदराच्या पेशींमध्ये जनुकं शिरवून दाखवली. जगभरच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये आज हे रोजचं काम आहे. मग १९८०च्या दशकाच्या शेवटी फ्रान्समध्ये लुई मीर आणि सहकाऱ्यांच्या डोक्यात आलं की जनुकं जातात तर औषध का जाणार नाही? त्यांनी निवडलं ब्लिओमायसिन. हे औषध पेशीच्या आत फार मारक आहे, पण पडद्यातून आत जाणंच त्याला जमत नाही. पल्सनी दार उघडून दिलं आणि त्याचा मारकपणा शेकडो पटींनी वाढला. युरोपात त्वचेवरच्या गाठींसाठी हा उपचार आता रुळला आहे.

बिनपरतीचा प्रकार तोवर चूक समजला जायचा. पेशी मेल्या म्हणजे प्रयोग बिघडला. २००५ साली राफाएल डावालोस, लुई मीर आणि बोरिस रुबिन्स्की यांनी हेच उलटं मांडलं: औषध वगैरे काही नको, नुसत्या पल्सनी ऊती मारता येतील, आणि उष्णतेने इजा होण्याआधी बराच मोठा भाग मारता येईल. पुढे यावर नॅनोनाइफ नावाचं यंत्र आलं, जे ३००० व्होल्टपर्यंतच्या पल्स देतं. माणसांमध्ये स्वादुपिंड, यकृत, प्रोस्टेट या अवयवांतल्या गाठींवर ते वापरलं गेलं आहे. मेंदूचा प्रश्न मात्र वेगळा.

मेंदूत जाळणं का परवडत नाही

लेझरने किंवा रेडिओलहरींनी गाठ तापवून मारायचे उपाय आहेत. पण उष्णता पसरते, आणि मेंदूत एक-दोन मिलिमीटरवर बोलण्याचा भाग असू शकतो, हात हलवण्याचा असू शकतो. शिवाय उष्णता सगळंच शिजवते: पेशी, प्रथिनं, रक्तवाहिनीची भिंत. मोठी रक्तवाहिनी शेजारून वाहत असेल तर रक्त उष्णता ओढून नेतं आणि तिच्या कडेच्या गाठीच्या पेशी वाचतात. पाण्याच्या पाइपाला चिकटलेला कचरा पेटवायला जावं तसं होतं.

पल्स फक्त पेशीपटलावर काम करतात. रक्तवाहिनीची भिंत ज्या कोलॅजेनच्या आणि इलॅस्टिनच्या जाळीवर उभी असते, तिला पेशीपटल नसतंच, त्यामुळे जाळी शाबूत राहते आणि मोठ्या रक्तवाहिन्या टिकतात. निरोगी कुत्र्यांच्या मेंदूवरच्या सुरुवातीच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. मेलेल्या भागाची हद्द अतिशय ठळक होती. एका बाजूला मृत ऊती, दुसऱ्या बाजूला जिवंत, मध्ये अगदी थोडं अंतर. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात डावालोस, पाउलो गार्सिया आणि पशुवैद्यकीय न्यूरोसर्जन जॉन रॉसमाइझल यांच्या गटाने हे काम २०१०च्या आसपास प्रसिद्ध केलं.

आता कडेची गोष्ट. मेंदूच्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातली बहुतेक औषधं मेंदूत शिरूच शकत नाहीत. याला रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. विषारी द्रव्यांपासून आपलं रक्षण करणारी ही व्यवस्था कर्करोगात आडवी येते. गाठीच्या मध्यभागी ती मोडकळीला आलेली असते, तिथे औषध काही प्रमाणात पोचतं. पण कडेला, जिथे गाठीच्या सुट्या पेशी निरोगी मेंदूत घुसलेल्या असतात, तिथे ती बऱ्यापैकी शाबूत असते. जिथे औषध सगळ्यात जास्त हवं तिथेच दार बंद.

इलेक्ट्रोडपासून लांब जावं तसं विजेचं क्षेत्र कमी होत जातं. म्हणून मधल्या पेशी मरतात, आणि त्याभोवती एक पट्टा असा राहतो जिथे पेशी मरत नाहीत पण रक्त-मेंदू अडथळा काही काळ सैल होतो. एमआरआयमध्ये वापरतात ते गॅडोलिनियम शिरेतून दिलं तर या पट्ट्यात ते झिरपलेलं दिसतं. नेहमी ते तिथे जात नाही, पल्सनंतर जातं. मेलेल्या भागापेक्षा हा पट्टा मोठा असतो, आणि तो पडतो नेमका त्याच कडेवर जिथून आजार उलटतो.

या सगळ्या विषयात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. बातम्यांमध्ये "गाठ विजेने मारली" एवढंच येतं. गाठीचा मध्य तर सर्जनही काढतोच. सुरी थांबते तिथून पुढे औषधाला वाट करून देणं हे दुसरं काम आहे, आणि ते करू शकतील असे उपाय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

कुत्रेच का?

त्या मुलाने हा प्रश्न जरा अवघडून विचारला. त्याच्या घरीही कुत्रा आहे.

बहुतेक मेंदूसंशोधन उंदरांवर होतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या गाठीच्या पेशी उंदराच्या मेंदूत टोचतात आणि गाठ वाढू देतात. पण उंदराचा मेंदू दोन ग्रॅमचा, माणसाचा तेराशे-चौदाशे ग्रॅमचा. त्या दोन ग्रॅमात कडेचा प्रश्न मापानेच उभा राहत नाही. आणि टोचलेली गाठ ही उपरी. सी-६ नावाची पेशींची एक जात वर्षानुवर्षं वापरात होती, पण पुष्कळदा उंदराची प्रतिकारशक्तीच ती गाठ परकी म्हणून हुसकावते, आणि श्रेय मिळतं उपचाराला.

कुत्र्यांना ग्लायोमा आपोआप होतो, माणसासारखाच, उतारवयात. बॉक्सर, बोस्टन टेरियर, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींमध्ये त्याचं प्रमाण जास्त आहे. मेंदू बराच मोठा, प्रतिकारशक्ती शाबूत, राहणं माणसाच्याच घरात. पहिलं लक्षण बहुतेक वेळा फिट. आयुष्यभर धडधाकट असलेला आठ-नऊ वर्षांचा कुत्रा एका सकाळी अचानक आडवा पडून पाय झाडायला लागतो, किंवा एकाच दिशेने गोल गोल फिरत राहतो.

या चाचण्यांतले कुत्रे प्रयोगशाळेत आजारी पाडलेले नाहीत. ते कुणाचे तरी घरचे कुत्रे आहेत, आधीच आजारी झालेले, मालकांनी समजून-उमजून संमती देऊन आणलेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००३ पासून अशा तुलनात्मक संशोधनासाठी वेगळा कार्यक्रमच चालवला आहे. याच्याआधीचे निरोगी कुत्र्यांवरचे आणि उंदरांवरचे प्रयोग मात्र प्रयोगच होते, त्यात जनावरं मारली गेली. हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटत नाही. त्या जनावरांमुळेच किती व्होल्टला काय होतं ते कळलं.

२०११ साली व्हर्जिनिया टेकच्या गटाने ग्लायोमा झालेल्या एका कुत्र्याची हकिगत प्रसिद्ध केली. गाठ शस्त्रक्रियेने काढण्यासारखी नव्हती. आधी पल्स दिल्या, गाठीचा आकार आणि मेंदूतला दाब उतरला, कुत्रा सावरला, मग रेडिएशन दिलं. पुढच्या एमआरआयमध्ये गाठ दिसेनाशी झाली. इथे थांबलं तर चमत्कार वाटेल. पण विजेच्या उपचारानंतर १४९ दिवसांनी तो कुत्रा गेला, रेडिएशनमुळे मेंदूला झालेल्या इजेने. गाठ परत आलेली नव्हती.

मी हे सांगितल्यावर तो मुलगा बराच वेळ काही बोलला नाही.

२०१५ साली सात कुत्र्यांचा अहवाल आला. "इतके बरे झाले" असं सांगणं हा त्याचा हेतूच नव्हता. हे करणं शक्य आहे का, आणि पुरेसं सुरक्षित आहे का, एवढंच तपासायचं होतं. आयुर्मानाचा पल्ला फार विस्कळीत निघाला: कुणी लवकर गेलं, एक कुत्रा मात्र ९०० हून अधिक दिवस जगला. सात जनावरांवरून सरासरीच्या गोष्टी करू नयेत. पण योग्य आखणी केली तर जिवंत मेंदूतल्या गाठीवर या पल्स देता येतात, हे त्यातून पुढे आलं.

दोन अडचणी, आणि त्यातून निघालेली वाट

या पल्स स्नायूंनाही हलवतात. जनावर पूर्ण भुलेत असतानाही अंग जोराने आचके देतं, म्हणून स्नायू शिथिल करणारं औषध द्यावं लागतं. सुई मेंदूत आणि अंगाला झटका, हे चित्रच भीतीदायक आहे. हृदयाची लय बिघडू नये म्हणून पल्स ईसीजीशी जुळवून, ठोक्यानंतर हृदय नव्या इशाऱ्याला दाद देत नाही त्या छोट्या खिडकीतच सोडतात. फिट येऊ नये म्हणून औषधं वेगळी.

यावर निघालेला उपाय म्हणजे उच्च वारंवारतेचं बिनपरतीचं इलेक्ट्रोपोरेशन, संशोधकांच्या बोलण्यात एच-फायर. ५० किंवा १०० मायक्रोसेकंदांची एक सलग पल्स देण्याऐवजी एक-दोन मायक्रोसेकंदांच्या कितीतरी छोट्या पल्स, एकदा धन एकदा ऋण अशा आलटून पालटून, एका जुडग्यात देतात. चेता आणि स्नायू इतक्या झटपट उलटसुलट होणाऱ्या इशाऱ्याला फारसा प्रतिसाद देत नाहीत, त्यामुळे आचके खूपच कमी होतात. २०१८ साली मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातून वाढणारी गाठ, झालेल्या तीन कुत्र्यांवर हे करून पाहिलं गेलं.

एच-फायरमधून आणखी एक गोष्ट हाती आली. एवढ्या झपाट्याने बदलणारं क्षेत्र पडद्यावर अडून न राहता पेशीच्या आतही पोचतं, आणि मग पेशीचं केंद्रक किती मोठं आहे याला महत्त्व येतं. कर्करोगाच्या पेशींचं केंद्रक पेशीच्या मानाने मोठं असतं. २०१५ साली जेलमध्ये वाढवलेल्या पेशींवर दिसलं की ग्लायोमाच्या पेशी मरतात त्या ताणाला शेजारच्या निरोगी मेंदूपेशी तग धरतात. जेलमधलं मेंदूत खरं ठरलं, तर कडेवर निवडून मारणं शक्य होईल. २०२३ साली ग्लायोमा असलेल्या उंदरांवरच्या अभ्यासात एच-फायरनंतर उंदीर जास्त दिवस जगले आणि गाठीत प्रतिकारपेशींची ये-जा वाढली. पेशी शिजत नाही, तिची प्रथिनं मूळ रूपात बाहेर पडतात, आणि शरीर ती ओळखायला शिकतं, असं त्यामागचं तर्कशास्त्र आहे.

दुसरी अडचण आखणीची. वीज पाटाच्या पाण्यासारखी आहे, सोपी वाट मिळेल तिकडे धावते. मेंदूभोवतीच्या आणि आतल्या पोकळ्यांतल्या द्रवातून ती सगळ्यात सहज जाते. करड्या भागातून कमी, पांढऱ्या भागातून आणखी कमी, आणि पांढऱ्या भागात तंतूंच्या दिशेने एक हिशेब तर आडवा दुसरा. गाठीच्या शेजारी द्रवाची पोकळी असेल तर क्षेत्राचा आकार पार वेडावाकडा होतो. त्यात भोकं पडायला लागली की ऊतीची वाहकता वाढते, म्हणजे पहिल्या पल्सला केलेलं गणित पन्नासाव्या पल्सला लागू पडत नाही. म्हणून प्रत्येक कुत्र्याच्या एमआरआयवरून संगणकात त्याच्या मेंदूची प्रतिकृती करून आधी तिथे पल्स देऊन पाहतात. बत्तीस वर्षं मी मुलांना समविभव रेषा काढायला लावल्या. दोन टाचण्या, पाण्याचं ताट आणि व्होल्टमीटर घेऊन करायचा तो प्रयोग. इथे ताटाच्या जागी मेंदू आहे.

मोबाइलवर वाचणाऱ्याची फसगत होते ती नावांवरून. माणसांसाठी मान्यता मिळालेला विजेचा एक उपचार खरोखरच आहे, पण तो हा नाही. डोकं भादरून त्यावर पट्ट्या चिकटवतात आणि त्यातून २०० किलोहर्ट्झचं सौम्य क्षेत्र, सेंटिमीटरला एक ते तीन व्होल्ट, दिवसाचे अठराएक तास देतात. ते भोकं पाडत नाही, पेशीच्या विभाजनात अडथळा आणतं. अमेरिकेत त्याला २०११ साली उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमासाठी मान्यता मिळाली, आणि २०१७च्या चाचणी-अहवालात मध्यक आयुर्मान १६ वरून २०.९ महिन्यांवर गेलेलं दिसलं. मानसोपचारातले शॉक हे पूर्णपणे तिसरंच प्रकरण. आणि वीज, चुंबक, पट्टे लावून गाठ विरघळवतो म्हणणाऱ्यांचा या तिन्हींशी काडीचा संबंध नाही. असा कुणी आधीच भेटला होता का, असं मी त्या मुलाला विचारलं. भेटला होता. पन्नास हजार मागितले होते.

कुत्र्यावरून माणसावर उडी मारतानाही जपून. कुत्र्यांच्या ग्लायोमाची जनुकीय तपासणी २०२० साली प्रसिद्ध झाली, त्यात त्या गाठी मोठ्या माणसांपेक्षा लहान मुलांच्या ग्लायोमाशी जास्त मिळत्याजुळत्या निघाल्या. विजेला जनुकांशी थेट देणंघेणं नाही, पडदा दोघांचाही सारखाच. पण नंतर आजार कसा उलटतो, औषधाला कसा वागतो, हे जनुकंच ठरवणार. शिवाय एका सुईजोडीत मावतो तो भाग लहान असतो, दोन-तीन सेंटिमीटरचा. माणसाची गाठ निदान होईपर्यंत अनेकदा त्याहून मोठी झालेली असते.

तीन तास बसलो आम्ही. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. जाताना त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली, आणि दाराशी थांबून विचारलं, "मग मावशीचं रेडिएशन चालू ठेवायचं ना?" सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार, एकूण तीस वेळा. बारा झाले होते आणि ती थकली होती, घरात सोडून द्यायचं चाललं होतं, हे त्याने तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. थकवा डॉक्टरांच्या कानावर घाला, त्यावर औषधं असतात, पण मधेच सोडू नका, मी म्हटलं.

"उद्या सकाळी साडेनऊचा नंबर आहे. मीच नेतो तिला."

घड्याळात सेल परत घालायला मी विसरले होते. तो गेल्यावर घातला.